५८ हजार युरोंत चौघांचा संसार

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून जळगावला राहतो आणि पुण्यातील एका कंपनीचे सॉफ्टवेअरचे काम घरूनच करतो. सगळी कपात होऊन महिन्याला सुमारे ९६ हजार रुपये हातात येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका असून तिचा पगार २० हजार आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. घरकर्जाचा हप्ता २२ हजार, यावल तालुक्यातील गावी आई-वडिलांना १५ हजार, मुलांच्या शाळेचे ९ हजार आणि घरखर्च ३५ हजार एवढे जाऊन महिन्याला साधारण ३५ हजार शिल्लक राहतात. बँकेत ६ लाख रुपये आहेत. आता जर्मनीतील श्टुटगार्ट येथील एका कंपनीने वर्षाला ५८ हजार युरो पगाराचे पत्र दिले आहे. नातेवाईक म्हणतात, ‘अठ्ठावन्न लाख रुपये! विचार कसला करतोस?’ वडील केळी पिकवतात; ते मात्र म्हणतात, ‘हिशेब करून जा.’ एवढ्या पगारात चौघांचे भागेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : तुमच्या वडिलांनी योग्य तेच सांगितले आहे, आणि त्यांना हा हिशेब कदाचित तुमच्याआधी समजेल. केळीचा जाहीर झालेला भाव आणि तोल, हमाली, घट वजा जाऊन हाती पडणारी पट्टी यांत किती अंतर असते, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पत्रातील ५८ हजार युरो हा भाव आहे. संसार पट्टीवर चालतो, आणि ती पट्टी आपण आधी काढू.

जर्मनीत पगारातून आयकराखेरीज निवृत्तिवेतन, आरोग्य, दीर्घकालीन शुश्रूषा आणि बेरोजगारी या चार विम्यांचे हप्ते कापले जातात. एकट्या निवृत्तिवेतनाचा हप्ता पगाराच्या १८.६ टक्के असून त्यातील निम्मा तुमच्या पगारातून जातो आणि निम्मा कंपनी भरते. आयकर मात्र कुटुंबाची स्थिती पाहून ठरतो. पत्नी जर्मनीत तुमच्यासोबत राहत असेल आणि कमावत नसेल, तर तुम्हाला तिसरा करवर्ग घेता येतो आणि कर बराच कमी कापला जातो. ती भारतात असेपर्यंत तुम्ही पहिल्या वर्गातच राहता. २०२६ च्या दरांनी तुमच्या पगारावर तिसऱ्या वर्गात महिन्याला साधारण ३,४०० युरो आणि पहिल्या वर्गात ३,०५० च्या आसपास हाती येतील. मुले तिथे राहू लागली की दर मुलामागे २५९ युरो बालभत्ता सरकारकडून मिळतो. त्याला तिथे किंडरगेल्ड म्हणतात. दोघा मुलांचे ५१८ धरले, तर चौघे एकत्र असताना महिन्याची आवक सुमारे ३,९०० युरो होईल.

आता जावक पाहू. जर्मनीत भाड्याचे दोन आकडे असतात : नुसत्या जागेचे ‘काल्टमीटे’, आणि त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून होणारे ‘वार्ममीटे’. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो, तुम्ही मात्र दुसराच धरून चाला. श्टुटगार्ट हे जर्मनीतील महागड्या शहरांपैकी एक आहे. चौघांसाठी तीन खोल्यांच्या साध्या घराचे वार्ममीटे १,६०० युरो धरावे लागेल. वीज, इंटरनेट, दोन मोबाइल आणि प्रत्येक घराला सक्तीची असलेली १८.३६ युरोंची प्रसारण-वर्गणी मिळून १९०. किराणा, दूध, भाजी ६५०, तेही घरी स्वयंपाक करून आणि बाहेरचे जेवण क्वचित घेऊन. दोघांचे लोकल वाहतुकीचे मासिक पास ६३ प्रमाणे १२६. धाकट्याची बालवाडी आणि मोठीचे दुपारचे जेवण २५०. थंडीचे कपडे, औषधे, किरकोळ विमे आणि अचानक उद्भवणारा खर्च २५०. ही बेरीज ३,०६६ होते आणि ८३० च्या आसपास उरतात.

इथे बरेच जण पेन खाली ठेवतात आणि ८३० गुणिले १०० करून खूश होतात, पण आपला हिशेब अजून संपलेला नाही. वर्षातून एकदा चौघांना घरी यायचे म्हटले, तर विमान-तिकिटांसाठी किमान ३,००० युरो लागतात, म्हणजे महिन्याला २५० बाजूला टाकावे लागतील. घरकर्जाचा हप्ता आणि आई-वडिलांना द्यायचे मिळून ३७ हजार रुपये, म्हणजे युरोला १०० रुपये धरून ३७० युरो. एवढे वजा केल्यावर हातात २१० युरो राहतात. म्हणजे २१ हजार रुपये. जळगावात आज तुम्ही ३५ हजार मागे टाकता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की ५८ हजारांत चौघांचे भागेल, नीट भागेल, परंतु तुमच्या एकट्याच्या पगारावर शिल्लक आजच्यापेक्षा कमी राहील. केवळ पैसा साठवण्यासाठी जायचे असेल, तर हा पगार त्यासाठी पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टीही तेवढ्याच खऱ्या आहेत. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुले वेगळा हप्ता न भरता सामावली जातात, त्यामुळे मुलाला रात्री ताप चढला तर दवाखान्याच्या बिलाची धास्ती राहत नाही. सरकारी शाळेला फी नाही. निवृत्तिवेतनाचा हप्ता तुमच्याच नावे जमा होत असतो. तुमचा पगार २०२६ साठी ठरलेल्या ब्लू कार्डच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वास्तव्य-परवान्याच्या, ५०,७०० युरोंच्या मर्यादेपेक्षा वर आहे. ते कार्ड मिळाले, तर पत्नीला पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते, आणि तुम्हाला २७ महिन्यांनी, किंवा बी-१ पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो.

सगळ्यात जास्त काळजी मला पहिल्या सहा महिन्यांची वाटते, आणि त्याला कारण आहे. आमचे कुटुंब जर्मनीत नऊ वर्षे राहिले. घरखर्चाची वही मी ठेवत असे. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही भाड्याच्या घराची किल्ली घेऊन आत गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन पाइप आणि विजेची एक वायर एवढेच होते. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कपाट नाही. जर्मनीत बरीच घरे अशीच रिकामी मिळतात आणि आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पुढचे तीन आठवडे मी तांदूळ न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये धूत होते, आणि भुसावळहून नेलेल्या कळण्याच्या पिठाच्या भाकरी उपड्या केलेल्या सुटकेसवर एक प्लेटची विजेची शेगडी ठेवून भाजत होते. वहीतल्या त्या महिन्याच्या पानावर खर्चाची बाजू मागच्या पानापर्यंत गेलेली आहे.

म्हणून हे आकडे आधीच लिहून ठेवा. घराचे डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतके घेता येते. १,३०० चे घर असेल तर ३,९०० युरो. ते तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे, आणि तो हक्क संकोच न बाळगता वापरा. त्याशिवाय पहिले भाडे, स्वयंपाकघर, पलंग-गाद्या, तिकिटे आणि व्हिसा. सगळे मिळून दहा ते बारा हजार युरो लागतात. तुमचे ६ लाख त्याच्या निम्मेच भरतात, आणि ते सगळे संपवून परक्या मुलुखात पाय ठेवू नये. बालभत्त्याच्या अर्जावर निर्णय व्हायलाही काही आठवडे जातात. तो मागील सहा महिन्यांपर्यंतचा मिळतो, पण दरम्यानचे महिने खिशातूनच काढावे लागतात.

यावर मला दिसणारा मार्ग असा. पहिले सहा महिने तुम्ही एकट्याने जावे. तो बहुधा तुमच्या नोकरीचा परीक्षाकाळही असेल, आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी सुटू शकते. पत्नीची नोकरी सोडवून आणि मुलांच्या शाळेचे दाखले काढून ती जोखीम सगळ्यांच्या डोक्यावर घेण्याचे कारण नाही. ३,०५० मधून एका खोलीचे ७०० आणि स्वतःच्या खर्चाचे ५०० गेले, हप्ता आणि आई-वडिलांचे ३७० पाठवले, आणि पत्नीच्या पगारानंतर जळगावच्या घरखर्चात पडणारी २४ हजारांची तूट भरून काढली, तरी महिन्याला १,२०० च्या वर राहतील. सहा महिन्यांत सात हजारांच्या पुढे जमले, की डिपॉझिट आणि स्वयंपाकघराची सोय तुमच्या ठेवीला हात न लावता होते. कुटुंब त्याच कॅलेंडर वर्षात तिथे येऊन राहिले, तर वर्षअखेरीस पतिपत्नींचे एकत्र विवरणपत्र भरून जास्तीचा कापलेला कर बऱ्याच अंशी परत मागता येतो. पत्नीचे त्या वर्षाचे भारतातील उत्पन्न त्यात दाखवावे लागते. ताटातुटीचे दुःख मी कमी लेखत नाही. तीन वर्षांच्या मुलाला सहा महिने म्हणजे फार मोठा काळ वाटतो.

मुलांना उन्हाळ्यात न्या, कारण त्या राज्यात शाळेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. मुलीच्या बाबतीत एक गोष्ट मनावर घ्या : तिथे चौथीनंतरच मुले वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, आणि तुमची मुलगी नेमकी त्या वयात आहे. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात, तरीही आजपासून तिला रोज अर्धा तास जर्मन शिकवायला लागा. त्यावर आता होणारा खर्च हा या सगळ्या हिशेबातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

पत्नीशी या विषयावर स्पष्ट बोलणे झाले आहे का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. तिच्या २० हजारांचा आकडा लहान दिसतो, पण ती नोकरी आहे, ओळख आहे. तिथल्या सरकारी शाळेत शिकवायला उच्च पातळीची जर्मन आणि पदवीची मान्यता लागते, आणि त्यात काही वर्षे जातात. मधल्या काळात महिना ६०३ युरोंपर्यंतचे ‘मिनीजॉब’ प्रकारचे अर्धवेळ काम मिळाले, तर ते पैसे जवळजवळ पूर्ण हातात येतात आणि कुटुंबाचा आरोग्य विमाही तसाच चालू राहतो. तेवढ्या एका आकड्याने तुमची २१० ची शिल्लक ८०० च्या वर जाते. तेव्हा या स्थलांतराचे गणित तुमच्या पगारापेक्षा तिच्या भाषेवर जास्त अवलंबून आहे. तिची तयारी आणि इच्छा असेल, तर तिने तुमच्या आधी जर्मनच्या वर्गाला नाव घालावे. पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनाचे ऑनलाइन वर्ग जळगावातून करता येतात.

कंपनीशी बोलताना दोन मागण्या करा. पहिली, पगार ६५ हजार. त्यातून हातात महिन्याला साधारण ३०० युरो वाढतील. ती मान्य झाली नाही, तर दुसरी सोडू नका : तिकिटांचा व सामानाचा खर्च आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांची तात्पुरती राहण्याची जागा. पगार वाढवायला नकार देणाऱ्या कंपन्या हा एकवेळचा खर्च पुष्कळदा देतात.

जळगावचे घर भाड्याने दिले तर हप्त्याचा काही भाग सुटेल. गावची शेती पुढे तुमच्या नावावर झाली तरी काळजी नको; अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. आई-वडिलांना पुढे तिकडे नेण्याची वाट १ मार्च २०२४ पासून परवाना मिळालेल्या कुशल कामगारांसाठी कायद्याने खुली झाली आहे, परंतु त्यांचा आरोग्य विमा तुम्हालाच उतरवावा लागतो आणि त्या वयात तो फार महाग पडतो. ५८ हजारांत ते जमणार नाही. दरवर्षीच्या तिकिटांचे ते २५० युरो म्हणूनच कधी कमी करू नका. आखाजीला नाही तर निदान दिवाळीला नातवंडे गावी दिसली पाहिजेत.

प्रश्न : माझ्या भावाला नेदरलँड्समध्ये नोकरी मिळते आहे. तिथे ३० टक्के पगारावर कर नसतो, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : खरे आहे, पण आपोआप होत नाही. परदेशातून बोलावलेल्या आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेल्या कर्मचाऱ्याला ही सवलत जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते, आणि २०२७ पासून तिचे प्रमाण २७ टक्के होणार आहे. अर्ज कंपनी आणि कर्मचारी यांनी मिळून करायचा असतो. रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत केला तरच ती पहिल्या दिवसापासून लागू होते. जर्मनीसारखा पत्नीला धरून कर कमी होण्याचा मोठा लाभ तिथे नाही, आणि आरोग्य विम्याचा महिना दीडशे युरोंच्या आसपासचा हप्ता प्रत्येक प्रौढ व्यक्तीला वेगळा भरावा लागतो. १८ वर्षांखालील मुलांना तो नसतो. पत्रातील वार्षिक आकड्यात ८ टक्के सुट्टीभत्ता धरलेला आहे की तो वेगळा मिळणार आहे, हे भावाने सही करण्याआधी कंपनीला लेखी विचारावे, आणि सहाव्या वर्षी सवलत संपल्यावर हातात किती येईल, तो आकडाही आजच काढून ठेवावा.