यीस्टला जागा कळते कशी?

प्रश्न : सर, आमची भुसावळला बेकरी आहे. बीएस्सीला असलेली लेक सांगते, यीस्टच्या सेंट्रोमिअरवर, म्हणजे पेशी दुभंगताना गुणसूत्र जिथं धरलं जातं त्या जागेवर, प्रथिनं नेमक्या जागीच जमतात. त्यांना जागा कोण दाखवतं?

उत्तर : भाऊ, डीएनएच दाखवतो! तुमच्या पावाच्या यीस्टला १६ गुणसूत्रं; प्रत्येकावर जेमतेम १२५ अक्षरांचा सेंट्रोमिअर (डीएनएची अक्षरं चारच : ए, टी, सी, जी). एका टोकाला सीबीएफ१ हे प्रथिन बसतं, दुसऱ्याला सीबीएफ३ हे प्रथिनांचं टोळकं. खरी मेख या दुसऱ्या टोकाला. तिथल्या ‘सीसीजी’ या तीन अक्षरांतलं मधलं सी बदललं, की खेळ खल्लास : सीबीएफ३ बसतच नाही, पेशी दुभंगताना गुणसूत्राची वाटणी बिघडते. ते बसलं, तर एससीएम३ या प्रथिनाच्या मदतीनं सीएसई४ हे खास हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळतो ते प्रथिन) येतं, मधला ए-टीनं गच्च भरलेला डीएनए त्याभोवती गुंडाळला जातो. वर कायनेटोकोअर हे प्रथिनांचं बांधकाम उभं राहतं आणि एकच सूक्ष्मनलिका (गुणसूत्र ओढणारी बारीक नळी) धरतं. माणसात मात्र अक्षरांची एवढी सक्ती नाही. लेकीला सांगा, क्लार्क आणि कार्बन या शास्त्रज्ञांनी १९८० साली पहिला सेंट्रोमिअर वेगळा काढला, तो यीस्टचाच.