एक ‘पान’, अनेक मुळे

प्रश्न : माझी नात महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते आणि हौसेने परकीय भाषांचे शब्दकोश चाळत असते. परवा तिने सांगितले की ‘पान’ असा शब्द स्पॅनिशमध्ये पाव या अर्थी, पोलिशमध्ये महाशय या अर्थी आणि ग्रीकमध्ये ‘सर्व’ या अर्थी आहे. इंग्रजीतला ‘पॅन’, म्हणजे तव्यासारखे भांडे, हाही दिसायला तोच. हे ऐकून आमच्या यजमानांनी, ‘हे सगळे संस्कृतातूनच तिकडे गेले,’ असा निकाल देऊन टाकला. त्याच संध्याकाळी सेव-उसळ खाताना दुसरा वाद निघाला. पीठ पायांनी मळत म्हणून ‘पाव’ हे नाव पडले, असे आमच्या दीरांचे म्हणणे. आमच्या सूनबाई गुजराती आहेत. त्या ‘पाउं’ म्हणतात आणि आम्ही सगळे हसून ‘पाव’ अशी दुरुस्ती करतो. या शब्दांचे एकमेकांशी खरोखर काही नाते आहे काय?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या नातीने काढलेले चारही शब्द खरे आहेत आणि तिने सांगितलेले अर्थही बरोबर आहेत, मात्र हे चौघे एका घरातले नाहीत. यजमानांचा निकाल तेवढा मागे घ्यावा लागेल. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच लुप्त भाषेच्या लेकी असाव्यात, ही कल्पना सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडली आणि पुढच्या अभ्यासाने ती पक्की झाली. संस्कृत ही या भाषांची बहीण आहे, आई नव्हे. त्यामुळे युरोपातला एखादा शब्द आपल्या शब्दासारखा ऐकू आला, तरी तो आपल्याकडूनच गेला असे ठरत नाही.

प्रथम स्पॅनिश शब्द घेऊ. पावाला लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणत. त्याचे स्पॅनिशमध्ये ‘पान’, इटालियनमध्ये ‘पाने’, फ्रेंचमध्ये नाकात बोलला जाणारा ‘पँ’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘पाओं’ झाले. हा ‘पानिस’ ज्या धातूपासून आला असे मानतात, त्याचा मूळ अर्थ चारणे, पोसणे, राखणे असा होता. लॅटिनमधला ‘पास्तोर’ म्हणजे मेंढपाळ हाही त्याच धातूचा. एकत्र भाकर खाणारा तो सोबती, या अर्थाने उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम्पानिओ’ हा शब्द तयार झाला आणि त्यातून इंग्रजी ‘कंपॅनियन’ आणि ‘कंपनी’ हे दोन्ही शब्द आले. शेअर बाजारातल्या कंपनीच्या पोटात असा पावाचा तुकडा आहे. इंग्रजी ‘पँट्री’मध्येही हाच पाव दडलेला आहे, ती भांड्यांची खोली असावी असे वाटते खरे, पण मुळात ती पाव ठेवण्याची जागा.

भांड्याच्या ‘पॅन’बद्दल फार सांगण्यासारखे नाही. बहुतेक कोशकार तो लॅटिन ‘पातिना’ म्हणजे उथळ ताटली या शब्दापर्यंत नेतात. जर्मनमध्ये त्याचे ‘प्फाने’ झाले, कारण सहाव्या ते आठव्या शतकाच्या सुमारास त्या भाषेत शब्दाच्या आरंभीच्या ‘प’चा ‘प्फ’ झाला. त्यापूर्वी घेतलेले शब्द या बदलातून गेले आणि नंतर आलेले सुटले. मिरीला जर्मनमध्ये ‘प्फेफर’ म्हणतात तेही याच कारणाने. या एका शब्दापुरते मात्र यजमानांचे समाधान करता येईल, कारण तो आपल्या ‘पिप्पली’चाच ग्रीक आणि लॅटिनमार्गे पोहोचलेला वंशज आहे. स्वीडिशमध्ये ‘पाना’ या शब्दाचे तवा आणि कपाळ असे दोन्ही अर्थ होतात, हे नातीला सांगावे. तिला गंमत वाटेल.

पोलिश ‘पान’ हे वेगळेच प्रकरण आहे. त्याचा मूळ अर्थ मालक, सरदार, धनी. आज तो आपल्या ‘श्रीयुत’सारखा नावाआधी लावतात आणि अनोळखी पुरुषाशी बोलताना ‘तुम्ही’च्या जागी वापरतात, क्रियापद मात्र तृतीय पुरुषी. समोर बसलेल्या साहेबांनाच ‘साहेब चहा घेणार का?’ असे विचारावे, तशी ही रचना आहे. आपण ती कधीमधी आदराने किंवा थट्टेने करतो. पोलिशमध्ये ती रोजच्या सभ्यतेची रीत आहे. स्त्रीसाठी याचे रूप ‘पानी’ असे होते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. जामनगरजवळच्या बालाचडी येथेही पोलिश मुलांची छावणी होती. म्हणजे महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्याही मातीत हे ‘पान’ आणि ‘पानी’ काही वर्षे रोज बोलले गेले आहेत. चेक भाषेत नावाआधीचा ‘पान’ ऱ्हस्व आणि धनी या अर्थाचा ‘पान’ दीर्घ, असा बारीक भेद पाळतात. या शब्दाची जुनी रूपे आरंभी आणखी एक व्यंजन असलेली सापडतात, आणि अनेक अभ्यासक त्याचा संबंध ‘झुपान’ म्हणजे परगण्याचा प्रमुख या जुन्या स्लाव्ह पदवीशी जोडतात. लॅटिन पावाशी याचे काहीही देणेघेणे नाही.

तथापि धनी आणि पाव यांची गाठ एका ठिकाणी खरोखर पडलेली आहे, आणि तेथे ‘पान’ हा ध्वनी औषधालाही नाही. इंग्रजी ‘लॉर्ड’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ्वेअर्ड’ असा होता: ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, ‘वेअर्ड’ म्हणजे राखणारा. घरच्या पावाचा राखणदार तो घरधनी. ‘लेडी’ची फोड तर पाव मळणारी अशी होते. हाच ‘ह्लाफ’ आजच्या इंग्रजीत ‘लोफ’ म्हणून उरला आहे, आणि याच शब्दाचे जर्मानिक भावंड फार पूर्वी स्लाव्ह भाषांनी उसने घेतले, म्हणून पोलिशमध्ये पावाला ‘ख्लेब’ म्हणतात. वॉर्सातल्या ‘पान’च्या ताटातला ‘ख्लेब’ आणि लंडनच्या ‘लॉर्ड’मधला पाव यांचे रक्त एक आहे, कोशात शेजारी दिसणाऱ्या चार ‘पान’ शब्दांचे मात्र तसे नाही.

ग्रीक ‘पान’मध्ये पुन्हा दोन शब्द आहेत. एक ‘सर्व’ या अर्थाचे नपुंसकलिंगी रूप. त्यातूनच इंग्रजीत ‘पँडेमिक’ म्हणजे सर्व लोकांत पसरणारी साथ आणि ‘पॅनोरमा’ हे शब्द घडवले गेले. छायाचित्रकार कॅमेरा ‘पॅन’ करतात तो याच ‘पॅनोरमा’चा तुकडा, तव्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा ‘पान’ म्हणजे आर्केडिया प्रांतातला, बोकडाचे पाय आणि शिंगे असलेला, गुराख्यांचा देव. रानात अचानक दाटणाऱ्या भीतीला त्याच्या नावावरून ‘पॅनिक’ म्हणू लागले. हा सर्वांना आवडला म्हणून ‘पान’, अशी व्युत्पत्ती प्राचीन ग्रीकांनीच केली होती, परंतु ती टिकत नाही, कारण त्याच्या नावाचे ‘पाओन’ असे जुने रूप आर्केडियात मिळते. या रूपावरून अनेक अभ्यासक त्याची तुलना ऋग्वेदातल्या पूषन् या देवाशी करतात. पूषन् गुरांचा आणि वाटांचा राखणदार, आणि त्याचा रथ घोडे नव्हे तर बोकड ओढतात, म्हणून त्याला ‘अजाश्व’ म्हटले आहे. ही तुलना सर्वमान्य नाही, पण मला ती पटते.

आता आपले पान. ‘पर्ण’चे प्राकृतात ‘पण्ण’ झाले आणि मराठीत ‘पान’. जसे ‘कर्ण’चे ‘कान’ झाले आणि ‘चूर्ण’चा ‘चुना’. विड्याचे पान आणि त्याला लावलेला चुना असे एकाच वाटेने आपल्याकडे आले आहेत. ‘मद्यपाना’तला ‘पान’ हा निराळा, पिणे या अर्थाच्या धातूचा. युरोपात ‘पर्ण’चे भावंड शोधायचे, तर ते वरच्या चारांपैकी कोणी नसून इंग्रजी ‘फर्न’, म्हणजे नेचा, हे आहे. संस्कृतात जेथे आरंभी ‘प’ असतो, तेथे इंग्रजीत नियमाने ‘फ’ सापडतो: पितृ आणि ‘फादर’, पाद आणि ‘फूट’, पर्ण आणि ‘फर्न’. भाषाशास्त्रज्ञ नाते ठरवतात ते अशा ठरावीक फरकावरून. शब्द हुबेहूब सारखे दिसले की उलट ते सावध होतात. आयकराच्या पॅन कार्डातला ‘पॅन’ तर केवळ आद्याक्षरांची जुळणी आहे.

दीरांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, पण ते चुकीच्या पावाला चिकटले आहे. पाव किलोमधला ‘पाव’ हा संस्कृत ‘पाद’, म्हणजे पाय, चतुर्थांश. त्याचा पायाशी संबंध आहेच. खाण्याचा पाव मात्र ‘चावी’, ‘पगार’ आणि ‘बटाटा’ यांच्यासोबत पोर्तुगीजांकडून आला. पीठ पायांनी मळण्याची कथा नावावरून मागाहून रचलेली दिसते. गोव्यात पाव विकणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरु’ म्हणजे पाववाला.

राहता राहिला सूनबाईंचा ‘पाउं’. लॅटिन ‘पानिस’मधला ‘न’ पोर्तुगीजमध्ये पुढे स्वरात विरघळला आणि त्याची खूण म्हणून नाकातला उच्चार तेवढा मागे राहिला. मराठीने हा शब्द घेताना ती खूणही पुसून टाकली. गुजरातीने ती अनुस्वाराच्या रूपाने जपली आहे. लिस्बनचा एखादा पाववाला आपल्या सेव-उसळीच्या टेबलावर येऊन बसला, तर त्याला सूनबाईंचा शब्द आपल्यापेक्षा लवकर समजेल. तेव्हा ती दुरुस्ती यापुढे थांबवावी, ही विनंती.