हवे ते मिळाल्यानंतरचे दिवस

परदेशातली नोकरी आणि तिथे राहण्याचा परवाना यांसाठी आपण काही वर्षे जिवाचे रान केले, आणि आता दोन्ही गोष्टी हाताशी आल्या असताना मनात धाकधूक का वाटावी, असे आपण विचारले आहे. तिथे पोहोचलेली माणसे खरोखर सुखी असतात का, आणि आपण सुखी झालो नाही तर घरच्यांना काय सांगायचे, हेही आपण विचारले आहे. कागदपत्रे, घरभाडे, बँकेचे खाते यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतील. या प्रश्नाला मात्र एक तर 'दुरून डोंगर साजरे' किंवा 'डोळे मिटून या' एवढेच उत्तर मिळते, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते आहे.

माझा अनुभव असा की, ज्या कारणासाठी माणूस देश सोडतो ते कारण बहुतेक वेळा पुरे होते. चांगले काम, नियमित उत्पन्न, मुलांचे शिक्षण, मोकळेपणाने जगण्याची मुभा, यांपैकी जे मागितले ते पदरात पडते आणि वर्षे लोटली तरी त्याचे मोल कमी होत नाही. पण या मागणीबरोबर आपण नकळत आणखी एक अपेक्षा जोडलेली असते, की एकदा हे मिळाले की रोजचा दिवस आपोआप आनंदात जाईल. फसगत होते ती इथे.

हा केवळ माझा ग्रह नव्हे. टोंगा या बेटांवरच्या देशातून न्यूझीलंडला स्थायिक होण्यासाठी येणाऱ्यांना एका योजनेत सोडत काढून प्रवेश दिला जातो, कारण जागा मोजक्या आणि इच्छुक कितीतरी अधिक असतात. स्टिलमन, गिब्सन, मॅकेंझी आणि रोहोरुआ या संशोधकांनी सोडतीत नाव निघून गेलेल्यांची तुलना अर्ज करूनही नाव न निघालेल्यांशी केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही गटांना हवे होते तेच, फरक केवळ नशिबाचा होता, म्हणून मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. गेलेल्यांची आर्थिक स्थिती पुष्कळ सुधारली, त्यांचे मानसिक स्वास्थ्यही सुधारले, पण त्यांनी स्वतः नोंदवलेला आनंद मागे राहिलेल्यांच्या तुलनेत घटलेला आढळला. मानसिक स्वास्थ्य सुधारावे आणि आनंद घटावा, हे वाचताना विसंगत वाटते, परंतु परक्या देशात काही वर्षे काढलेल्या माणसाला ते चटकन ओळखीचे वाटेल. चिंता कमी होते, आणि तरीही संध्याकाळ रिकामी जाते.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. गेलेल्यांना मागे वळून विचारले तेव्हा त्यांनी आपला सामाजिक मान वाढल्याचे सांगितले. मात्र न गेलेल्यांशी ताडून पाहिले तेव्हा तो कमी झालेला दिसला. म्हणजे आपण आपल्या जुन्या आयुष्याला आज मागे पाहून जे गुण देतो, ते तेव्हा दिले असते त्याहून कमी असतात. आधीच गेलेल्या माणसांची वर्णने ऐकताना, आणि त्यांत मीही आले, हे ध्यानात ठेवावे.

आनंद ओसरतो कसा, ते मी जवळून पाहिले आहे. परवान्याचे कार्ड टपालाने आले तेव्हा मी ते लिफाफ्यातून काढून त्यावरचे माझे नाव पुन्हा पुन्हा वाचले आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरी पाठवले. काही आठवड्यांत ते पाकिटात इतर कार्डांच्या मागे गेले. बाहेर काढले की नजर नावावर न थांबता खालच्या मुदतीच्या तारखेवर जाई. कायम रहिवासासाठी अर्ज कधी करता येईल, तोवर ही नोकरी टिकेल का, मालकाने पत्र दिले नाही तर काय, असे नवे प्रश्न त्या तारखेतून निघू लागले. कार्ड तेच होते, पण ते अंगवळणी पडले होते आणि इच्छा पुढच्या कार्डाकडे सरकली होती. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की, अनपेक्षित फळरस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी उसळतात, पण तो मिळणार हे ठाऊक झाले की त्या रसाच्या वेळी शांत राहतात आणि रसाची चाहूल देणाऱ्या खुणेवर उसळतात. वाट पाहण्यातला ओढा आणि मिळाल्यानंतरची गोडी एकाच मापाची नसते, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

आपण आज नव्या देशाचा विचार करता तेव्हा डोळ्यांपुढे काय येते, हेही तपासून पाहा. बहुधा जे इथे नाही तेच येते. माणसे निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे डॅनिएल काहनेमन आणि डेव्हिड श्केड यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियातील आणि मध्य-पश्चिम भागातील विद्यार्थ्यांची तुलना केली. कॅलिफोर्नियातले लोक अधिक समाधानी असतील असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता, आणि प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याविषयीचे समाधान दोन्हीकडे सारखेच निघाले. ज्या फरकावर लक्ष खिळते तो फरक मनात फुगतो. झोप, कामावरचा वरिष्ठ, प्रवास, पाठदुखी, जेवताना समोर कोणी असणे किंवा नसणे, यांचा हिशेब त्या चित्रात नसतो, आणि दिवस तर यांचाच बनलेला असतो. म्हणून घर निवडताना मोठ्या खोलीपेक्षा कामाच्या ठिकाणाजवळची खोली घ्या, असे मी आग्रहाने सांगते. मोठ्या खोलीची सवय होते. रोजच्या लांबच्या प्रवासाची मात्र सहसा होत नाही.

तुलनेची माणसेही बदलतात. आज आपण स्वतःला बरोबरीच्या मित्रांशी ताडून पाहता. तिथे गेल्यावर शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याशी ताडू लागाल, ज्याचे घर, भाषा, नातलग आणि ओळखी जन्मापासून तिथेच आहेत. उत्पन्न वाढूनही आपण मागे आहोत असे वाटण्याचे हे मोठे कारण आहे.

मग हवे ते मिळवण्यात अर्थच नाही का? मला तसे मुळीच वाटत नाही. लॉटरी लागलेले लोक इतरांहून विशेष सुखी नसतात, हा १९७८ चा निष्कर्ष नेहमी सांगितला जातो, पण त्यात विजेते अवघे २२ होते. पुढे स्वीडनमधील कितीतरी मोठ्या अभ्यासात, ज्याचा निबंध २०२० मध्ये आला, मोठे बक्षीस मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दहाहून अधिक वर्षे वाढलेले राहिल्याचे आढळले. रोजच्या आनंदावरचा परिणाम मात्र त्यामानाने लहान होता. माझ्या आयुष्यालाही हे वर्णन तंतोतंत लागू पडते. एकूण विचार केला तर आले ते चांगले झाले, याविषयी मला शंका नाही. पण आनंदाचे दिवस मला पुढे ओळखीपाळखी वाढवून, आठवड्याची एक संध्याकाळ ठरावीक माणसांसाठी राखून, वेगळे मिळवावे लागले. तेव्हा जाण्याची तारीख पुढे ढकलू नका. धाकधूक वाटते याचा अर्थ निर्णय चुकला असा होत नाही.

आता घरच्यांना काय सांगायचे ते. हवे ते मिळालेल्या माणसाला तक्रार करण्याची चोरी असते. फोनवर 'आता मजेत ना?' असे विचारले जाते, आणि ज्यांनी आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या त्यांच्यापुढे 'नाही' म्हणणे कृतघ्नपणाचे वाटते, म्हणून माणूस 'हो' म्हणतो. मग प्रत्येक वेळी 'हो'च म्हणावे लागते, आणि सगळ्यांत जवळची माणसे सगळ्यांत कमी जाणणारी होऊन बसतात. परदेशातल्या एकटेपणाचा हा भाग मला सर्वांत जड गेला, आणि तो हवामानाने किंवा कामाने आलेला नव्हता. यासाठी निघण्यापूर्वीच घरातल्या किंवा मित्रांतल्या एका व्यक्तीशी बोलून ठेवा. तिला सांगा की, मी कधी रडून फोन केला तर लगेच 'परत ये' म्हणू नकोस आणि 'तुलाच जायचे होते ना' असेही म्हणू नकोस, नुसते ऐकून घे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून एक फोन कर.