चंपीचं ऑपरेशन आणि सकाळची भाकरी

प्रश्न : आम्ही पारोळा तालुक्यात मळ्यात राहतो. आमची चंपी गावठी कुत्री, चार वर्षांची. दर वेळी सहा-सात पिल्लं होतात, त्यातली निम्मी रस्त्यावर गाडीखाली जातात. म्हणून आता नसबंदीसाठी तिला धुळ्याला नेणार आहोत. डॉक्टरांनी उपाशीपोटी आणायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, “मुका जनावरले उपाशी ठेवानं नही.” भूल सोसेल का तिला? घरी आणल्यावर काय जपायचं?
– एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा जीव तुटतो ते बरोबरच आहे. पण भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची शक्ती जाते. पोटातलं अन्न उलटून श्वासनळीत गेलं, तर न्यूमोनिया होतो, जीवही जाऊ शकतो. माझ्याकडे एकदा एक कुत्रा टेबलावर घेतला आणि भुलेचं इंजेक्शन देताच त्यानं दूध-भाकरी ओकली. मालक शपथेवर सांगत होता, काही दिलं नाही म्हणून. पहाटे आजीनं दिली होती. लगेच डोकं खाली करून घसा साफ केला म्हणून तो वाचला. तेव्हापासून मी मालकाला नाही, सगळ्या घराला विचारतो. आदल्या रात्री नऊच्या आत चंपीला जेवू घाला आणि मग बांधून ठेवा, कारण मळ्यातली कुत्री उकिरड्यावरही पोट भरून येतात. पाणी मात्र रात्रीपासून तोडू नका. आपल्याकडच्या उन्हात ते घातक आहे. निघण्याच्या दोनेक तास आधीपर्यंत पिऊ द्या, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

भूल सोसेल का, हे तिचं रक्त सांगेल. मळ्यातल्या कुत्र्याला गोचीड असतातच, आणि गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. वरून कुत्री धडधाकट दिसते आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. म्हणून रक्ततपासणी आधी करून घ्या, तिथे पैसे वाचवू नका. ती शेवटची माजावर कधी आली होती, तेही सांगा. माजावर असताना गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे दोन-तीन महिने उलटू दिलेले बरे.

पहिली रात्र महत्त्वाची. भुलेनंतर अंगाची ऊब लवकर जाते, म्हणून घरात उकडत असलं तरी कूलरच्या झोतात ठेवू नका. गोणपाटावर स्वच्छ गोधडी घाला, वर चादर टाका आणि कुणीतरी जवळ निजा. ती कण्हते, अडखळते, त्यानं घाबरू नका. नीट उभी राहिली की घोटभर पाणी, मग नेहमीच्या निम्म्याहून कमी मऊ भात. शेवभाजीचा रस्सा किंवा भरीत कालवून देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. घरातली तापाची, अंगदुखीची गोळीही नको. माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखी ठरू शकते.

टाक्यांवर हळद, राख, तेल, काहीही लावू नका. गोठ्याजवळ तर बांधूच नका. तिथल्या माश्या जखमेवर बसल्या की दोन दिवसांत आळ्या पडतात, आणि त्या वेचताना जनावराचे जे हाल होतात ते मला बघवत नाहीत. ती टाके चाटेल, म्हणून दवाखान्यातून गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर मागून घ्या. मळ्यातली दुसरी कुत्रीही तिचे टाके चाटतात, त्यांना लांब ठेवा. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, आंघोळ नाही, बांधावरून उड्या नाहीत. लघवीला नेताना साखळी हातात.

हिरड्या रोज बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या पडल्या, पोट फुगलं, टाक्यांतून रक्त ठिबकत राहिलं किंवा दुसऱ्या दिवशीही तिनं तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आणि सासूबाईंना सांगा, ऑपरेशनच्या रात्री चंपीशेजारी त्यांनीच बसावं. ओळखीचा हात पाठीवर असला की जनावर शांत पडून राहतं.