नववीच्या अर्जासोबत गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवताना

मुलगी आठवीत, अमेरिकेतल्या बोर्डिंग स्कूलला नववीसाठी अर्ज, ख्यालाचं रेकॉर्डिंग तयार, आणि ॲडमिशन ऑफिस फोनवर म्हणतंय, "ईमेल करा, आम्ही फाइलला लावून घेऊ." तुमचं हे वाचून राहवलं नाही. आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं.

टेस्ट, निबंध, शिफारसपत्रं तुम्ही बघितलीच असणार, त्यात शिरत नाही.

आम्ही डिसेंबरमध्येच ईमेल केली. "मिळालं, धन्यवाद" असं उत्तरही आलं. १० मार्चला निकाल लागला: वेटलिस्ट. मग चौकशी केली तेव्हा कळलं की रेकॉर्डिंग संगीत विभागाकडे गेलंच नव्हतं. अर्जाच्या पोर्टलवर कलेच्या पुरवणीची (आर्ट्स सप्लिमेंटची) जागा वेगळी, तिथे अपलोड केलं तरच ते विभागाला दिसतं. फोनवरच्या बाईंनी हे एका वाक्यात सांगितलं असतं तर! विभागानं रेकॉर्डिंग ऐकलं असतं तर प्रवेश मिळालाच असता, असा माझा दावा नाही. पण पोरीनं वर्षभर घासलेला यमन राग कुणी ऐकलाच नाही, आणि वर ऑफिसकडून साधी दिलगिरीही नाही, याचा संताप अजून जात नाही.

म्हणून फोनवर विसंबू नका. ईमेलनं विचारा: रेकॉर्डिंग नेमकं कुठे अपलोड करायचं, ते कोण ऐकणार, आणि त्याची मुदत अर्जाचीच की वेगळी? बऱ्याच शाळांची अर्जाची मुदत १५ जानेवारीच्या आसपास असते, तेव्हा आत्ताच विचारा. काही शाळा रेकॉर्डिंग घेतच नाहीत, तेही कळेल. संगीत विभागप्रमुखांना थेट लिहावं का? मी लिहीन. पण काही शाळांना ते रुचत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

आता गाण्याबद्दल. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालानं सुरुवात करू नका, असं माझं ठाम मत आहे. अतिविलंबितात तालाचं एकेक आवर्तन मिनिटभर चालतं, आणि ऐकणारा बहुतेक वेळा पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रावाला असतो. आधी द्रुत (जलद) तीनतालातली बंदिश, ताना स्वच्छ असतील त्या, मग दोन मिनिटं आलाप. गुरुजींना हे पटणार नाही; आमच्या बाईंनाही पटलं नव्हतं. सोबत राग, ताल आणि मुलगी किती वर्षं शिकतेय, एवढं दोन ओळींत लिहा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या असतील तर नुसतं "मध्यमा पूर्ण" लिहून तिथे कुणाला काही कळत नाही. प्रारंभिकपासून ही पाचवी पायरी, पुढे विशारद, आणि परीक्षेत लेखी व प्रात्यक्षिक दोन्ही असतं, असं लिहा.

झूमवर रेकॉर्ड करणं टाळाच. त्याची आवाज गाळायची सोय तानपुऱ्याचा सलग सूर गोंगाट समजून कापते, कधी लांबवलेला षड्जसुद्धा. नाइलाज असेल तर सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करा. तानपुरा ॲप दुसऱ्या फोनवर लावून रेकॉर्डिंगच्या फोनपासून लांब ठेवा, नाहीतर गळा मागे पडतो.

लिंक द्यायची असेल तर यूट्यूबवर "अनलिस्टेड" ठेवा, "प्रायव्हेट" नको. प्रायव्हेट लिंक त्यांना उघडणारच नाही. ड्राइव्हची असेल तर दुसऱ्याच्या फोनवर, तुमच्या खात्यात लॉग-इन नसताना उघडून बघा. आणि निकाल लागेपर्यंत ती फाइल हलवू नका.