नाओशिमाला जाताय? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आम्ही दोघं पन्नाशीतले, नाशिकचे. नोव्हेंबरात जपानला चाललोय. टोकियो-क्योटो आहेच, पण मला मॉडर्न आर्टची आवड म्हणून नाओशिमा बेटासाठी मुद्दाम एक दिवस काढलाय, मुक्काम ओकायामाला. नेटवर बघून यादी केली तर बारा-तेरा ठिकाणं झाली, एका दिवसात होतील का? दुसरं म्हणजे आमचे हे सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर, त्यांचं म्हणणं मला त्यातलं काही कळत नाही, तू आत जाऊन ये मी बाहेर बसतो. त्यांना कसं न्यायचं?

उत्तर : ताई, बारा-तेरा होणार नाहीत आणि करूही नका, धावत बघितलेलं नाओशिमा म्हणजे न बघितलेलंच. सकाळी चिचू म्युझियम, दुपारी होनमुरा गावातली आर्ट हाऊसेस (गावातल्या जुन्या घरांत, जागांत कलाकारांनी केलेली कामं) आणि मध्ये समुद्राकाठचा रस्ता, एवढं मनापासून केलंत तरी दिवस भरून जाईल.

आधी एक काम करा, चिचूचं तिकीट ऑनलाइन वेळ ठरवून मिळतं ते आत्ताच काढून ठेवा. आणि सोमवार टाळा, सोमवारी बहुतेक सगळं बंद असतं (सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी बंद). ओकायामाहून लोकल ट्रेनने उनो, बहुतेकदा चायामाचीला गाडी बदलावी लागते, तासाभराचा प्रवास, आणि उनोहून वीस मिनिटांची फेरीबोट, ती मियानौरा बंदराला लावते. उतरल्या उतरल्या यायोई कुसामा या जपानी कलाकार बाईंचा लाल भोपळा दिसेल, तो आतून पोकळ आहे, शिरून बघता येतं. पण तिथे फार रेंगाळू नका, चिचूची वेळ चुकेल.

आता यजमानांचं. त्यांना आर्ट बघायला चला म्हणूच नका, शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) बघायला चला म्हणा, आणि हे मी गमतीत म्हणत नाहीये. चिचू बांधलंय आर्किटेक्ट तादाओ आंदो यांनी, २००४ साली, जवळजवळ पूर्ण जमिनीखाली, कारण समोरच्या समुद्राचा आणि डोंगराचा देखावा बिघडायला नको होता. आंदोंनी आर्किटेक्चरचं कॉलेज केलेलं नाही, तरुणपणी ते बॉक्सर होते, वाचून आणि जुन्या-नव्या इमारती फिरून बघून ते शिकले. भिंतीला प्लास्टर नाही, रंग नाही, पुट्टी नाही. काँक्रीट जसं शटरमधून निघालं तसंच कायमचं, आणि त्यावर टाय-रॉडची (साचे आवळून धरणाऱ्या सळ्यांची) गोल भोकं एका ओळीत, एका अंतरावर. हनीकोंबिंग (काँक्रीट नीट न बसल्याने राहिलेली पोकळी) कुठे दिसतंय का ते त्यांना शोधू द्या. साइटवर आयुष्य घालवलेल्या माणसाला तिथे जे दिसेल ते मला आणि तुम्हाला दिसणार नाही. आत एक त्रिकोणी अंगण आहे, वर उघडं आभाळ, भिंती कललेल्या आणि त्या भिंतीत आडवी लांबच लांब फट ठेवलेली. हे ओतलं कसं, सपोर्ट कुठे दिले, या प्रश्नावर ते अर्धा तास सहज उभे राहतील.

आणि तेवढ्यात ते फ्रेंच चित्रकार मोनेच्या खोलीत पोचलेले असतील. तिथे बूट काढून स्लिपर घालायच्या. पायाखाली फरशी नाही तर पांढऱ्या संगमरवराचे छोटे छोटे घन, दोन-दोन सेंटिमीटरचे, शेजारी शेजारी बसवलेले, कडा घासून बोथट केलेल्या. भिंती पांढऱ्या, कोपरे गोल, दिवा एकही नाही, सगळा उजेड छतातून येणारा सूर्याचा. अशा जागी वॉटर लिलीजची पाच चित्रं, सगळ्यात मोठं सहा मीटर लांब. ढग आला की चित्रातलं पाणी काळवंडतं, ढग गेला की परत उजळतं, म्हणून एकदा बघून लगेच निघू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. फोटो काढू देत नाहीत आणि ते फार बरं आहे.

पुढे जेम्स टरेल या उजेडातूनच कलाकृती करणाऱ्या कलाकाराचं ओपन फील्ड. काळ्या पायऱ्यांच्या वर भिंतीवर निळा चौकोन दिसतो, आपल्याला वाटतं स्क्रीन आहे. तिथली मुलगी चार-सहा जणांना पायऱ्या चढायला लावते आणि म्हणते पुढे चला. पुढे कुठे, समोर तर भिंत आहे! पण पाऊल टाकलं की ते आत जातं, तो चौकोन म्हणजे एक अख्खी खोली असते, निळ्या उजेडाने भरलेली. यात कळायचं-नकळायचं काही नाहीच हो, डोळ्यांनी खात्रीने सांगितलेली गोष्ट पायाने खोटी ठरवलेली असते, आणि ते ज्याचं त्याला समजतं, आर्टची पुस्तकं वाचलेली असोत नसोत.

प्रश्न : होनमुरातल्या जुन्या घरांबद्दल खूप ऐकलंय. सगळ्या घरांचं तिकीट घ्यावं की एक-दोन पुरेत? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वेळ असेल तर सगळी, नसेल तर कादोया आणि मिनामिदेरा ही दोन सोडू नका.

कादोया हे या प्रकल्पातलं पहिलं घर, १९९८ सालचं. घर मूळचं सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं, ते दुरुस्त करून कलाकार तात्सुओ मियाजिमा यांना दिलं. आत गेलात की अंधार, जिथे बैठकीची खोली असायची तिथे उथळ पाणी, आणि पाण्याखाली १२५ छोटे डिजिटल आकडे लुकलुकतायत. एक ते नऊ मोजतात, शून्य येत नाही, त्या जागी क्षणभर काळोख. प्रत्येक आकड्याचा वेग वेगळा, कुणी घाईत पळतोय, कुणी इतका सावकाश की अडकलाय की काय असं वाटतं. हे वेग मियाजिमांनी ठरवलेले नाहीत. बेटावरच्या १२५ जणांना, पाच वर्षांच्या पोरापासून ते पंच्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्या माणसापर्यंत, एकेक आकडा दिला आणि सांगितलं तुमचा वेग तुम्ही ठरवा. म्हणजे पाण्यात जे चाललंय ते सगळं गाव आहे. मला हे काम फार फार आवडतं, कारण बाहेरून आलेल्या कलाकाराने गावाला प्रेक्षक नाही केलं, त्या कामात घेतलं. नाओशिमाचं जे जमलं ते इथे जमलं, असं माझं मत.

त्याला कारण आहे. हे बेट कधीच नुसतं निसर्गरम्य वगैरे नव्हतं, १९१७ पासून उत्तर टोकाला मित्सुबिशीचा तांबं गाळायचा कारखाना आहे, त्याच्या धुराने एकेकाळी आजूबाजूचे डोंगर बोडके झाले होते. पुढे तरुण मंडळी शहरात गेली, घरं ओस पडली. १९८५ मध्ये तिथले नगराध्यक्ष मियाके आणि ओकायामाचे प्रकाशक फुकुताके भेटले, दक्षिण बाजूला मुलांसाठी काहीतरी चांगलं करू असं ठरलं, पुढच्याच वर्षी फुकुताके वारले आणि मुलाने, सोइचिरो यांनी, ते काम अंगावर घेतलं. १९८९ ला कॅम्प, १९९२ ला बेनेसे हाऊस (म्युझियम आणि हॉटेल एकत्र), मग एकेक करत बाकीचं. आज बेटाची वस्ती तीन हजारांच्या आसपास आहे. म्हणून आर्ट हाऊस बघायला जाताना लक्षात असू द्या की शेजारच्या घरात माणसं राहतात, दारात वाळत घातलेले कपडे कुणाचे तरी आहेत, तिथे कॅमेरा रोखू नका.

मिनामिदेराची बाहेरची भिंत जाळून काळी केलेल्या लाकडाची, आंदोंचंच बांधकाम, आत टरेल. वेळेचं तिकीट घ्यावं लागतं, म्हणून होनमुरात पोचल्यावर पहिलं तेच विचारा. आत भिंतीला हात लावत जायचं आणि मिट्ट काळोखात बाकावर बसायचं. पहिली काही मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही, हे आधीच सांगतो, घाबरू नका, मोबाइल तर मुळीच बाहेर काढू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. पुढे काय दिसतं ते मी इथे लिहीत नाही. घरं साधारण साडेचारला बंद होतात हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्न : कुसामांचा पिवळा भोपळा वादळात वाहून गेला होता ना? मग आता तिथे ठेवलेला खरा आहे की कॉपी? आणि एवढं त्यात आहे तरी काय? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाहून गेला ते खरं, ऑगस्ट २०२१ मध्ये वादळात लाटांनी धक्क्यावरून उचलला आणि फुटला. १९९४ पासून तो तिथे होता. नवीन भोपळा ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच जागी बसवला. त्याला नकली म्हणणं मला पटत नाही, यायोई कुसामांचंच काम आहे आणि जागाही तीच.

काय आहे त्यात, तर तो धक्का. दोन मीटरचा पिवळाजर्द भोपळा, काळे ठिपके, मागे सेतो समुद्र, आणि भोपळा त्या धक्क्याच्या अगदी टोकावर, त्याच्यापुढे नुसतं पाणी. कुसामांचा जन्म १९२९ चा, घरचा धंदा रोपं आणि बियाण्यांचा, भोपळे त्या लहानपणापासून काढतायत. म्युझियमच्या पांढऱ्या खोलीत तो ठेवला असता तर एवढं कुणी थांबलं नसतं. फोटोसाठी रांग असते, काढा आणि मग जरा बाजूला वाळूत बसून नुसता बघा, बोट गेली की त्याच्यामागचं सगळं हलतं.

प्रश्न : शाकाहारी माणसाने खायचं काय? आणि फिरायला सायकल बरी की बस? (वाचक, पुणे)

उत्तर : खायचं ओकायामातून बांधून न्या. बेटावर छोटी कॅफे आहेत पण काही भाजीचं दिसलं तरी सूपमध्ये, सॉसमध्ये माशाचा अर्क असतो, तो चालत नसेल तर पंचाईत होते. ओनिगिरी (सारण भरलेला भाताचा गोळा) घ्यायची तर उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, तरी वेष्टनावरचं फोनने भाषांतर करून वाचा. दुपारी दोननंतर बरीच कॅफे जेवण बंद करतात.

बेटाला चढ-उतार आहेत त्यामुळे साधी सायकल नको, बॅटरीवाली घ्या, बंदराजवळ भाड्याने मिळते. बेनेसेच्या आवारात मात्र सायकल नेऊ देत नाहीत, तिथे चालायचं किंवा त्यांची फुकट शटल. गुडघे दुखत असतील तर गावची बस आणि शटल पुरते, फक्त बसला गर्दी होते तेव्हा स्टॉपवर आधी जाऊन उभे राहा.

प्रश्न : परत निघण्याआधी तिथल्या त्या रंगीत स्नानगृहात जावं का? आम्हा नवरा-बायकोला एकत्र जाता येतं का? (वाचक, पणजी)

उत्तर : एकत्र नाही, पुरुष आणि बायका वेगवेगळे, मध्ये भिंत आणि त्या भिंतीवर चक्क एक हत्ती उभा आहे. कलाकार शिनरो ओताके यांनी २००९ मध्ये केलं, बाहेरून जुन्या वस्तू, टाइल्स, झाडं असं काय काय लावलेलं, पण आत ते खरंखुरं गावचं न्हाणीघर आहे, गावातली माणसं रोज येतात. त्यामुळे रीत तीच पाळायची, आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात उतरायचं, अंगावर कपडा नाही, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. संकोच वाटत असेल तर बाहेरूनच बघा, काही बिघडत नाही. बंदरापासून चालत अगदी जवळ आहे, फेरीची वेळ मात्र आत जाण्याआधी बघून ठेवा, संध्याकाळनंतर फेऱ्या कमी होतात आणि शेवटची चुकली तर बेटावर ऐन वेळी खोली मिळणं कठीण.