जाणं झालं, आता राहा

प्रिय,

हिंजवडीची नोकरी सोडून सोलापूरला आलीस, वडिलांचे माग हातात घेतलेस, तीन महिने झाले तरी "मी तीच आहे" म्हणतेस. आणि शेवटी विचारतेस, नाशिकला जाऊन द्राक्षं करू का? आधी हसलो, मग रागावलो. राहा, बाई.

माणूस निघतो तो बहुतेकदा जुनं टोचायला लागलं म्हणून. ते एका रात्रीत जमतं आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचंच बघ. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले. चौघे परतले. कोटणीस राहिले, चिनी भाषा शिकले, तिथेच संसार मांडला, १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. गेले होते पाचही जण, एवढं ध्यानात घे. (त्यांच्या स्मारकावरून रोज जात असशील, आत पाऊल टाकलं नसशील.)

तुला आकडे लागतात ना? लंडनच्या संशोधकांनी पाहिलं, जेवणाबरोबर फळ खाण्यासारखी साधी सवय आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला अंदाजानं २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. ही फळाची गोष्ट. तू तर अख्खं आयुष्य बदलायला निघालीस, आणि तीन महिन्यांत कंटाळलीस!

मिल बंद पडली तेव्हा माझ्या खात्यातले कितीतरी जण भिवंडीला गेले. मी इथेच शाळेचे गणवेश शिवायला बसलो. आई शेवटपर्यंत म्हणायची, गेला असतास तर पक्कं घर झालं असतं. झालंही असतं. त्या घराची हळहळ मला आजही आहे, पण राहिलो ते बरोबरच केलं, कुणी काही म्हणो. कॉलर धड बसेपर्यंत मी मिलवालाच होतो. मग एकदा गिऱ्हाइकानं "मास्तर" अशी हाक मारली आणि मी वळून पाहिलं. कधी बदललो, विचारशील तर सांगता येणार नाही.

सूत तुटून माग थांबला की तुला गाठ जमत नाही, कामगार बाई नुसती बघत राहते, लाज वाटते, असं लिहिलंस. वाटू दे. ती दोन बोटांत टोकं धरून चुटकीसरशी पीळ देते, ते जवळ बसून बघ. पगार तू देतेस म्हणून मान वर करून बसू नकोस, तिला मावशी म्हण आणि शिकव म्हण.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत नाशिकचं नाव काढायचं नाही. वडिलांना नमस्कार.

तुझा काका